बाकीच्यांसाठी तीन टिंबं

सर गेल्याचं त्यांच्या पुतण्याने फोन करून सांगितलं. काही दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला.

"ताई, तेरवी तांड्यावरच करून राह्यलो. तुमच्याकडून किती लोक येतीन? आचाऱ्याले आकडा सांगा लागते."

"माझ्याकडून?"

"म्हंजे काकाचे स्टुडंट लोक. काका सांगे, लय पोट्टे शिकवले म्हणे, इंजिनिअर झाले म्हणे. आमच्या इथचे आमी धरले. तुमचे तुमी सांगा."

विचारून सांगते, म्हणून मी फोन ठेवला. यवतमाळचं आमचं कॉलेज सुटलं होतं. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते आणि खाली रस्त्यावर ऑटोवाले दारव्ह्याचं गिऱ्हाईक ओरडून बोलावत होते. किती येतील? सरांना जगात एकाच प्रश्नाचा मनापासून राग होता आणि तो हाच. क्लासच्या जिन्यात चहावाला विचारायचा, "सर, किती?" सर म्हणायचे, "किटली ठेवून जा." लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस विचारायचा, "किती जण याल?" सर त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आईच्या मागे ते पुसदला खोली करून एकटेच राहत होते, तरी "मी एकटाच" असं त्यांनी कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आमच्या फोनवर होता. वर्षानुवर्षं कोणी त्यात बोलत नव्हतं. मी तिथे लिहिलं: सरांची तेरवी फुलसावंगीजवळ त्यांच्या तांड्यावर आहे, कोण कोण येणार ते कळवा.

सरांचा क्लास पुसदला एका कृषी केंद्राच्या वर होता. खालून खताचा उग्र वास यायचा आणि तो कपड्यांना लागून घरी यायचा. आई म्हणायची, कॉम्प्युटर शिकते की डीएपी विकते? वर चार जुने कॉम्प्युटर, एक फळा, भिंतीशी लांब बाकं. उन्हाळ्यात लाईट गेली की सगळे पंखे एकदम थांबत आणि खालच्या दुकानातली हमालांची बोलणी वर ऐकू येत. सर म्हणत, "मामा झोपले. आता फळ्यावर."

मामा म्हणजे कंपायलर. आपण लिहिलेलं तपासून बरोबर-चूक सांगणारा जो प्रोग्राम असतो, त्याला सर मामा म्हणायचे. चूक निघाली की, "मामा नाही म्हणते." खूप चुका निघाल्या की, "मामा रुसले, पानसुपारी घेऊन जा." त्यांची घरची बोली बंजाऱ्यांची गोर बोली, बाजारातली वऱ्हाडी, आणि फळ्यावर मात्र पाठ्यपुस्तकातली मराठी. अक्षर सुरेख. खडू बोटात फिरवून मग टेकवायची सवय.

जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवताना दुसरे शिक्षक जो भाग सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर उरकतात, तो सर अगदी सुरुवातीला काढायचे. मेथड म्हणजे एखादं ठरलेलं काम करून देणारा कोडचा तुकडा. त्याला हाक मारताना त्याच्या हाती काही द्यावं लागतं: दोन आकडे, एखादं नाव, जे ठरलं असेल ते. ठरल्यापेक्षा एक कमी दिलं किंवा एक जास्त दिलं तर चालत नाही. पण एक सोय आहे. शेवटच्या जागी तीन टिंबं दिली की तिथे कितीही चालतात. एक चालतो, दहा चालतात, एकही नसला तरी चालतं. इंग्रजी पुस्तकात त्याला भलंमोठं नाव आहे. सरांनी ते आम्हाला परीक्षेपुरतं सांगितलं आणि फळ्यावर पंगत काढली.

"तांड्यावर पंगत बसते. पहिल्या जागी कोण?"

आम्ही गावातली मुलं एकमेकांकडे बघू लागलो.

"नायक. तांड्याचा मुख्य. त्याच्या बाजूले?"

"कारभारी," मागून एक मुलगा म्हणाला. तो माहूरकडच्या तांड्यावरचा होता.

"बराबर. ह्या दोन जागा ठरलेल्या. नायक आल्याबिगर पंगत नाही, कारभारी आल्याबिगर पंगत नाही. अन् मंग बाकीचे." असं म्हणून सरांनी तीन टिंबं काढली. मोठी, गोल, खडू दाबून. वाचून दाखवताना ते "टिंब टिंब टिंब" म्हणत नसत. बोटाच्या पेराने फळ्यावर तीनदा ठोकत. टक, टक, टक. दारावर कोणी आल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी आमच्यातल्या दोघीतिघींनी मागे वळून दाराकडे पाहिलंही होतं.

त्याच मुलाने विचारलं, "सर, बाकीच्यांले आंधी बसवलं तर? नायक शेवटी?"

"बसव ना. मामाले विचार."

त्याने तसं लिहिलं. स्क्रीनवर लाल ओळी आल्या.

"काय म्हणते मामा?"

"नाही म्हणते सर."

"काहून?" सरांनी खडू बोटात फिरवला. "अरे, बाकीचे कुठं सरले अन् नायक कुठून सुरू झाला, हे कसं कळन त्याले? म्हणून ज्याचा ठिकाणा नाही त्याले शेवटी ठेवा. शेवटी ठेवा, पण ठेवा."

मेथडच्या आत गेल्यावर या बाकीच्यांची एक रांग होते. जेवढे आले तेवढी रांगेची लांबी. हाक मारणाऱ्याने आकडा सांगायचा नसतो, मोजायचं ते आत मोजलं जातं. सरांना यातलं हेच फार आवडत असावं. ते सांगताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

एरवी शांत असणारे सर मी एकदाच चिडलेले पाहिले. पुसदमधल्या एका मोठ्या दुकानदाराचा मुलगा आमच्यासोबत होता. हुशार, घाईचा. सरांनी सांगितलं, पंगतीला नायक आणि कारभारी दोघंच आलेत, बाकी कोणी आलं नाही, तर कसं लिहाल? बरोबर उत्तर असं, की दोन नावं द्यायची आणि थांबायचं. मागची जागा तशीच सोडायची. आतली रांग आपोआप रिकामी होते, लांबी शून्य, काम सुरळीत पार पडतं. या मुलाने दोन नावं लिहिली आणि तिसऱ्या जागी 'नल' लिहिलं. काहीच नाही, असा त्याचा अर्थ. मामा थोडे कुरकुरले, पण त्यांनी अडवलं नाही. प्रोग्राम सुरू झाला आणि आत रांगेची लांबी विचारली त्या ओळीवर कोसळला.

"सर, कोणी नव्हतं म्हणून कोणी नाही असं लिहिलं," तो म्हणाला.

"कोणी आलं नाही हे सांगाले काही लिहा लागत नाही," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण खडू मोडला होता. "तू काय केलं, समजलं का तुले? रांग रिकामी ठेवली नाही. रांगच नाही म्हणून सांगतलं. पट्टी अंथरली अन् कोणी नाही आलं, ते वेगळं. पट्टीच अंथरली नाही, ते वेगळं. तू पंगतच उचलली बाप्पा."

मुलगा हसला. बाकीचेही हसले. सर फळा पुसायला लागले आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

पट्टी म्हणजे काय ते मला नंतर, एसटीत कळलं.

सर दर शनिवारी दुपारी पुसदच्या स्टँडवरून फुलसावंगीच्या गाडीने तांड्यावर जायचे. माझं गाव त्याच रस्त्यावर, म्हणून आमची गाडी एक. शनिवारची गाडी म्हणजे झुंबड. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत टाकून जागा धरायचे. सरही टाकायचे. पण ते दोन वस्तू टाकत. आपल्यासाठी पिशवी, आणि शेजारच्या जागेवर निळ्या काठाचा पांढरा रुमाल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कोणी सोबत असेल. कोणी नव्हतं. गाडी भरत आली तरी रुमाल तसाच. लोक विचारत, "कोणी हाय का इथं?" आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणत, "येणार आहे."

त्या गाडीला बांगड्या-पिना विकणारी एक बाई असायची. बाजार करून परतताना तिच्या डोक्यावर हे मोठं बोचकं. एका शनिवारी ती गर्दीतून वाट काढत सरांपाशी आली आणि दणकन बोचकं खाली ठेवलं.

"ओ मास्तर, कोनाची हाय हे जागा?"

"येणाऱ्याची."

"मंग मी काय जाऊन राह्यली?"

सरांनी शांतपणे रुमाल उचलला, घडी घातली, खिशात ठेवला. "बसा. तुमचीच होती."

"तं आंधी काहून नाई सांगतलं?"

"आधी तुम्ही आल्या कुठं होत्या?"

गाडीत हशा पिकला. बाई बसली, पण गप्प बसली नाही. "असा मानूस नाई पाह्यला बा. जागा धरते अन् कोनासाठी धरते ते यालेच ठाऊक नाई. घरी मालकीन काही म्हनत नाई का तुमाले?" सरांनी तिच्या बोचक्यासाठी पाय आखडून घेतले. पुढच्या शनिवारीही रुमाल तसाच होता, आणि बाईही तशीच येऊन म्हणाली, "उचला मास्तर, आली मी." पुढे ते नेहमीचंच झालं. ती नसली तर दुसरं कोणी. कधी म्हातारा, कधी कडेवर मूल घेतलेली बाई, कधी मी. आणि कधी गाडी रिकामी असली तर कोणीच नाही. तेव्हा फुलसावंगीपर्यंत रुमाल त्या जागेवर बसून जायचा.

अशाच एका रिकाम्या दिवशी, कापूस निघालेल्या शेतांकडे बघत, त्यांनी आपण होऊन सांगितलं. लहानपणी ते आश्रमशाळेत होते. दिवाळीला सगळी मुलं घरी जायची. यांचा अख्खा तांडा तेव्हा ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे न्यायला कोणी येणारं नव्हतं. शाळेत हे एकटे आणि एक स्वयंपाकीण बाई. ती बाई दोन्ही वेळेला जेवणाच्या हॉलमध्ये पूर्ण लांबीची तरटपट्टी अंथरायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि एका कोपऱ्यात यांचं ताट.

"मी म्हटलं, मावशी, एवढी मोठी पट्टी कायले? मी एकटाच तं आहो. तं म्हणे, आला एखादा तर?"

"मग आलं का कोणी, सर?"

"नाही." त्यांनी बाजूच्या रुमालाची घडी सारखी केली. मग म्हणाले, "पण तेवढ्या पट्टीवर बसलो ना, तं जेवण जाते. हातभर तुकड्यावर बसवलं असतं तं नसतं गेलं."

मला यवतमाळला नोकरी लागली तेव्हा मी एक खोली घेतली. एकटीला किती लागतं? एक कॉट, टेबल, खुर्ची, पुस्तकं. सर कुठल्याशा सरकारी कामाला यवतमाळला आले असताना डोकावून गेले. मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः कॉटवर बसले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, चहा घेतला, पुस्तकांची नावं वाचली, गेले. पुढच्या आठवड्यात स्टँडवरून एका ड्रायव्हरचा फोन आला: मॅडम, पुसदहून तुमची खुर्ची आली आहे, घेऊन जा. लोखंडी, घडीची, हिरव्या रंगाची. मी सरांना फोन केला.

"सर, मला लागत नाही हो. येतं कोण माझ्याकडे?"

"म्हणूनच पाठवली," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती खुर्ची मी घडी करून दारामागे ठेवली होती. मग कधीतरी उघडून टेबलापाशी ठेवली. अजून तिथेच आहे. तिच्यावर फारसं कोणी बसलेलं नाही.

मुलं फोनवर व्हिडिओ बघून शिकायला लागली तसा पुसदचा क्लास ओसरला. एकदा सुट्टीत मी भेटायला गेले. जिना चढताना सरांचा आवाज ऐकू आला. नायक, कारभारी, आणि मग ती तीन ठोक. मला बरं वाटलं, क्लास सुरू आहे म्हणून. वर जाऊन पाहते तर बाकांवर कोणी नव्हतं. वेळ झाली म्हणून सर शिकवत होते. सावकाश, थांबून, प्रश्न विचारून, उत्तरासाठी जागा सोडून. मला पाहून ते ओशाळले नाहीत. हातानेच 'बस' म्हणाले. मी शेवटच्या बाकावर बसले आणि त्यांनी ओळ जिथे होती तिथूनच पुढे चालू केली. तास संपल्यावर मी विचारलं, "सर, कोणाला शिकवत होता?"

"हजर असतीन तेवढ्यांले," ते म्हणाले.

खालच्या कृषी केंद्रवाल्याने त्यानंतर काही महिन्यांनी ती खोली गोदामासाठी मागितली. सरांनी फळा तेवढा तांड्यावर नेला.

ग्रुपवर माझ्या निरोपाखाली हात जोडल्याची चित्रं येत गेली. पुण्याहून, हैदराबादहून, एक कॅनडाहून. 'सरांमुळे आज इथे आहे,' असं एकाने लिहिलं. तो पंगत उचलणारा मुलगा होता आणि त्याने ते मनापासूनच लिहिलं असणार. येतो, असं कोणीच लिहिलं नाही. मी कोणाला दोष देत नाही. लांबची माणसं, कामाचा दिवस. पण पुतण्याला काय सांगायचं? 'मी एकटीच' हे शब्द माझ्या तोंडी येईनात. आदल्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आकडा नाही सांगता येत हो. पट्टी मात्र पूर्ण अंथरा."

"म्हंजे येतीन ना?" त्याच्या आवाजात काळजी होती. काकाचं नाव राहावं, असं त्यालाही वाटत होतं. "नाई तं तांड्यात लोक म्हनतीन, एवढं शिकवलं अन् कोनी फिरकलं नाई."

मी पुसदला गाडी बदलून गेले. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालले. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. सरांच्या भावाच्या अंगणात मांडव होता आणि मांडवाच्या खांबाला तो फळा टेकवलेला होता. त्यावर कोणीतरी सरांचा फोटो लावून हार घातला होता. फळा कोरा होता.

पंगत बसली. पहिल्या जागी पागोटं बांधलेला म्हातारा नायक, त्याच्या बाजूला कारभारी, मग तांड्यावरची माणसं, भाऊबंद. पुतण्याने शब्द पाळला होता. आमची, म्हणजे बाकीच्यांची पट्टी वेगळी, मांडवाच्या दुसऱ्या बाजूने लांबपर्यंत गेलेली होती आणि तिच्यावर पत्रावळी मांडलेल्या होत्या. वारा सुटला की त्या उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा. त्या सगळ्या लांबीवर मी एकटी बसले. समोरच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मग एकमेकींच्या कानाशी लागत होत्या.

वाढणारा पोळ्यांची टोपली घेऊन आला, थबकला आणि पुतण्याकडे वळला. "दादा, बाकीच्या उचलू का? पत्रावळी वाया जातीन."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. "उचल," तो म्हणाला. "आता कोन येते."

मी माझा रुमाल काढला आणि शेजारच्या पत्रावळीवर ठेवला. साधा, फुलाफुलांचा. पुतण्याने विचारलं, "कोनी हाय का ताई?" आणि मला सरांसारखं उत्तर देता येईना. मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. वाढणारा त्या टोकापासून पत्रावळी गोळा करायला गेला.

फाट्याकडून एक बाई चालत येत होती. डोक्यावर बोचकं. मांडवाच्या दाराशी आल्यावर तिने ते उतरवलं, पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा दिसला त्याला विचारलं, "ते रुमालवाले मास्तर इथलेच का हो?"

कोणाला काही समजलं नाही. ती म्हणाली, "नाव नाई ठाऊक मले. शनवारच्या गाडीत राहे ते. आज कंडक्टरनं सांगतलं, ते मास्तर वारले, त्याइची तेरवी हाय. म्हटलं उतरतोच." मग तिची नजर फळ्यावरच्या फोटोवर गेली. ती पुढे गेली, चप्पल काढून उभी राहिली. बोचकं उघडून तिने काय काढावं? बांगड्या आणि पिना. तिने हात परत घेतले आणि नुसते जोडले.

नायक बसल्या जागेवरून म्हणाला, "आवो याडी, बेसो." या आई, बसा, असं.

ती आमच्या पट्टीकडे आली. मी रुमाल उचलला. तिने मला ओळखलं नाही, पण रुमाल उचललेला पाहून एक क्षण थांबली. मग बसली, आणि बोचकं तिने पलीकडच्या पत्रावळीवर टेकवलं.

"तुमी कोन त्याइच्या?"

"विद्यार्थिनी."

"मी बाजूच्या शिटावरची," ती म्हणाली.

पुतण्या स्वतः वाढायला आला. तिच्या पत्रावळीवर भात, वरण, बुंदी वाढताना त्याने दोनदा विचारलं, "अजून घ्या ना मावशी, घ्या." वाढणारा मुलगा तोवर त्या टोकाकडून पत्रावळी उचलत आमच्यापर्यंत आला होता. त्याने बोचक्याखालची पत्रावळ ओढायला हात घातला. बाईने जेवता जेवता डाव्या हाताने बोचकं उचलून आपल्या मागे घेतलं, पत्रावळ सरळ केली आणि तिच्यावर पुन्हा खडा ठेवला.

"राहू दे रे बाबू," ती म्हणाली. "मागची येष्टी यायची हाय अजून."